दुरुस्ती

मराठीत 'दुरुस्ती' हा शब्द आपण दोन अगदी निराळ्या कामांसाठी वापरतो. मोडलेली वस्तू पूर्ववत करणे ही दुरुस्ती, आणि न मोडलेली वस्तू बदलून निराळी करणे हीही दुरुस्तीच. सायकलचे पंक्चर काढणारा दुरुस्ती करतो, आणि संसद राज्यघटनेत एखादे कलम घालते तेव्हा तीही दुरुस्तीच करते. पहिल्या कामात वस्तूचे मूळ रूप हे प्रमाण असते. दुसऱ्या कामात नेमके तेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असते. शब्द मात्र एकच असल्यामुळे दुसरे काम करणाराला पहिल्या कामाची पुण्याई फुकटात मिळते. 'दुरुस्त करून घेतले' असे म्हटले की आधी काही तरी बिघडलेले होते हे न सांगताच गृहीत धरले जाते.

या शब्दाचा विचार करायची पाळी माझ्यावर एका यंत्रामुळे आली. माझा भाचा पुण्यास असतो आणि विजेच्या वाद्यांवर संगीत रचतो. त्याला एक खर्जाचा सिंथेसायझर घ्यायचा आहे. बाजारात त्याचे दोन नमुने आहेत. एक साधा, बेहरिंगर कंपनीचा टीडी-३. दुसरा त्याच कंपनीचा, पण फेरफार केलेला; नाव टीडी-३-एमओ. पहिल्यावर जेवढी बटणे आहेत त्याहून कितीतरी अधिक दुसऱ्यावर आहेत, आणि पहिला जे करतो ते दुसराही बहुतेक सगळे करतो. "मामा, कुठला घेऊ?" असे त्याने मला विचारले. कुंडलसारख्या गावात भजनाला पेटी वाजवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणे थोडे विनोदी वाटेल. मला तो तसा वाटला नाही. किंबहुना हा प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला.

आधी त्या यंत्राची हकीकत सांगितली पाहिजे. हे दोन्ही नमुने नकला आहेत. मूळ यंत्र जपानच्या रोलँड कंपनीचे, टीबी-३०३ या नावाचे. १९८१-८२ च्या सुमारास ते बाजारात आले. एकट्याने गिटारचा रियाज करणाराला खर्जाच्या गिटारची साथ मिळावी, एवढाच त्याचा हेतू. त्यात सोळा घरे. घराघरांत सूर मांडून ठेवायचे, आणि मग ते यंत्र तीच ओळ पुनःपुन्हा म्हणत राहणार. साथीदार म्हणून ते पार फसले. खर्जाच्या गिटारसारखा त्याचा आवाज कधी वाटलाच नाही. १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन बंद पडले. सुमारे दहा हजार नग तयार झाले होते, ते जुन्या बाजारात पडत्या भावाने जाऊ लागले. म्हणूनच ते शिकागोतल्या होतकरू पोरांच्या हाती लागले. यंत्र सूर म्हणत असतानाच त्यांनी त्याची बटणे फिरवायला सुरुवात केली. तो आवाज चिरकू लागला, चिघळू लागला, फुत्कार टाकू लागला. १९८७ साली फ्युचर या मंडळींची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली आणि त्या आवाजाच्या पायावर एक संगीतप्रकारच उभा राहिला.

हे घडण्याच्या पाच वर्षे आधी, १९८२ मध्ये, हेच यंत्र आपल्या मुंबईत एकाने रागांच्या साथीला बसवले होते. चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले वादक. त्यांनी यमन, तोडी, ललत, मालकंस असे दहा राग या यंत्राच्या आणि त्याच्या दोन भावंडांच्या मदतीने डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून त्यांची तबकडी काढली. तिच्याकडे त्या वेळी कोणी फारसे पाहिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. २०१५ साली चरणजितसिंग वारले. भाच्याने ती तबकडी मला ऐकवली. पहिल्या दहा मिनिटांत मी रुसून बसलो होतो हे खरे. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा तो आवाज ऐकला आणि कान टवकारले. माझ्या पेटीला जे सात जन्मांत जमणार नाही, ते हे डबडे करीत होते. त्यात एक घसीट आहे, आणि ती ठरीव आहे. सेकंदाच्या सुमारे सोळाव्या भागात ती पुरी होते, कमी नाही की जास्त नाही. दुसरी गंमत आघाताची. एखाद्या सुरावर जोर द्यायचा असेल तर तशी खूण करता येते. परंतु एकामागून एक अशा खुणा केल्या, की पहिल्या आघाताचा विद्युत्भार पुरता ओसरण्याआधीच दुसरा येऊन आदळतो, आणि तिसरा-चौथा सूर आपोआप चढत जातो. काटेकोर हिशेबाने पाहिले तर याला दोष म्हणावे लागेल. त्या यंत्राचा स्वभाव मात्र यातच आहे.

१९९३ साली ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन व्हिटल या गृहस्थांनी या यंत्राला 'डेव्हिल फिश' नावाचा फेरफार केला. घसीट किती वेळाची असावी, जोर दिलेला सूर किती लवकर विरावा, आघात कसा चढावा, चाळणी किती उघडावी, हे जे जे मुळात बांधलेले होते ते ते त्यांनी मोकळे केले आणि त्याला बटण बसवले. भाचा ज्याच्याविषयी विचारत होता तो फेरफार केलेला नमुना याच धर्तीवर आहे. नकलेला भोके पाडली तर कोणाचे काही जात नाही. पण मूळ यंत्र ज्याच्याजवळ आहे त्याला त्याच्या पेटाऱ्यालाच भोके पाडून घ्यावी लागतात, आणि पाडलेले भोक पुन्हा बुजत नाही.

आता माझ्या पेटीकडे वळतो, कारण मला जे काही कळते ते तिच्याकडूनच.

पेटीचा दोष सर्वांना ठाऊक आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करून तिचे सूर लावलेले असतात. सा २४० कंपनांचा धरला तर निसर्गतः शुद्ध गांधार ३०० वर यावा. पेटीवर तो ३०२ च्याही थोडा वर असतो. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला दोनाहून थोडे अधिक हेलकावे ऐकू येतात. पंचम जवळजवळ बिनचूक असतो, तक्रार गांधाराची आणि निषादाची. याच आणि मींड निघत नाही या दोषापायी १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, ते जवळजवळ तीस वर्षे बंद राहिले. एवढे होऊनही पेटी कोणाच्या घरातून उठली नाही, ही गोष्ट निराळी.

हा दोष काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न आमच्याच मुलखात झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी एकतारी मापनयंत्रावर सूर मोजले, आणि मोजण्यासाठी गळा मिळवला तो मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा! १९१० मध्ये त्यांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे क्लेमंट्स नावाचे सनदी नोकरीतले इंग्रज गृहस्थ त्यांना येऊन मिळाले आणि लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्यातून श्रुतींची पेटी तयार होऊन आली. ज्या काळात जिल्ह्याच्या गावी साधी पेटी दुरुस्त करणारा मिळण्याची मारामार होती, त्या काळात सांगलीच्या एका पेन्शनराने आपल्या संगीताच्या मापाचे वाद्य विलायतेत घडवून घ्यावे, याचे मला आजही अप्रूप वाटते. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीत या पक्षाचे म्हणणे पुढे आले. भातखंडे त्या परिषदेचे सूत्रधार. तेथे ते म्हणणे टिकले नाही आणि श्रुतींची पेटी मागे पडली. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा नव्या युक्तीने घडवली आहे, म्हणजे तो ध्यास काही मेलेला नाही.

देवलांची थट्टा करणारे लोक मी ऐकले आहेत. ती थट्टा मला आवडत नाही. दोष त्यांच्या कानात नव्हता आणि गणितातही नव्हता. माझ्या मते त्यांची अडचण अशी होती की, गवयाचा गांधार हा बिंदू नसतो. तो एका रागात एका जागी बसतो, दुसऱ्या रागात तिथून सरकतो, आणि एकाच रागात चढताना आणि उतरताना एक नसतो. खाँसाहेबांच्या गळ्यातून तो क्षणभर धरून मोजता येईल. पण मोजून पट्टीखाली ठेवला की तो खाँसाहेबांचा राहत नाही. बारांच्या जागी बावीस पट्ट्या केल्या म्हणजे बारांच्या जागी बावीस गोष्टी ठाम झाल्या. पेटीचा जो मूळ स्वभाव, सूर ठाम करण्याचा, तो कमी न होता वाढला. भाच्याच्या यंत्रातली गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. तिथला फेरफार जे ठाम होते ते सैल करतो. म्हणून 'फेरफार चांगला की वाईट' असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

मूळ रूप पवित्र मानावे म्हटले, तर मूळ कोणते हेही सांगता यावे लागते. पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ साली पेटंट घेतलेले हार्मोनियम पायांनी हवा भरायचे होते, खुर्चीवर बसून वाजवायचे होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास त्याचा भाता मागे आणून हाताने चालेल असा केला. तेव्हा कुठे ते आपल्यासारख्या मांडी घालून बसणाऱ्यांच्या कामाचे झाले. म्हणजे मी ज्याला मूळ पेटी म्हणून जपतो तीच मुळात दुरुस्ती आहे. आमच्या शिवेलगतच किर्लोस्करवाडी. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी तिथे कारखाना उभा केला. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते म्हणून शेतकरी तो घेईनात. लाकडी नांगर हाच त्यांच्या दृष्टीने मूळ. आज इथे कोणाला लाकडी नांगर पाहायचा असेल तर मुद्दाम शोधत हिंडावे लागेल. याच कुंडलात दरवर्षी तांबड्या मातीत कुस्त्यांचे मैदान भरते. मॅटवरची कुस्ती ही कुस्तीच नव्हे असे सांगणारे म्हातारे तिथे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचेच नातू तालमीत मॅटवर मेहनत करतात. तो वाद इथे काढत नाही, काढला तर दिवाळी अंकाला पुरवणी जोडावी लागेल.

मग मूळ रूपाचा आग्रह अजिबात सोडून द्यावा काय? १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच पेच होता. तेरा न्यायाधीश बसले आणि सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरले की, संसदेला घटनेत दुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. त्या चौकटीत काय काय येते याची यादी मात्र कोणी एकदाच करून ठेवली नाही. मला हा निर्णय वाद्यांनाही लागू पडणारा वाटतो. पण वाद्याची चौकट कोणती, हे सांगायला तेरा न्यायाधीश सोडा, तिघांचे एकमत होणे कठीण.

मी ती चौकट माझ्यापुरती कशी ठरवली ते सांगतो. आमच्या भजनी मंडळात एक तरुण आहे. असा गळा मी या पंचक्रोशीत गेल्या पिढीत ऐकलेला नाही. तो काळी दोनमध्ये गातो. मागे एका एकादशीला भजन आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "तात्या, राग मानू नका, पण तुमच्या पेटीचा गंधार टोचतोय बघा मला." त्याचे खरे होते. त्याने मिरजेहून कारागीरही शोधून आणला होता. पेटीतले पितळी सूर कानशीने घासून काळी दोनच्या षड्जाला नेमके शुद्ध करून देतो, असे तो कारागीर म्हणाला. जर्मन सुरांची पेटी आहे, वडिलांच्या वेळची. सूर टोकाला घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो. पण घासलेले पितळ परत येत नाही. पुन्हा बारा समान भागांवर आणायची म्हटली तर पुन्हा घासायची, आणि दर घासणीला सूर पातळ होत जायचा.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. काळी दोनच्या षड्जावर पेटी शुद्ध केली तर त्या तरुणाचा गांधार ३०० वर नेमका बसतो. पण मंडळात एक म्हातारबाबा आहेत, पांढरी पाचमध्ये गाणारे. त्यांचा आवाज आता फुटका आहे. पण चाळीस वर्षे एकही वार त्यांनी चुकवलेला नाही. त्यांचा सा २४० मानला तर त्या शुद्ध केलेल्या पेटीवर त्यांचा गांधार ३०७ वर जाऊन पडतो! आज तो सव्वादोन-अडीच कंपनांनी चुकतो. उद्या सात कंपनांनी चुकेल. म्हणजे पेटीतली चूक नाहीशी होत नव्हती. ती उत्तम गाणाऱ्याच्या वाटणीची काढून फुटक्या गळ्याच्या वाटणीत घातली जात होती.

बारा समान भागांची पेटी कोणालाच खरा गांधार देत नाही. पण ती जे नाकारते ते सर्वांना सारखेच नाकारते, आणि त्या बदल्यात कुठलीही पट्टी षड्ज म्हणून ज्याला हवी त्याला धरू देते. ज्या ठिकाणी जो येईल तो गातो, त्या ठिकाणी हीच तिची चौकट, असे मी ठरवले आणि कारागिराला चहा पाजून परत पाठवले. एकट्या गवयाच्या घरची पेटी असती, तर मी स्वतः कानस हातात दिली असती. तो तरुण रागावला नाही. आता तो आपले अभंग एकतारीवर गातो, त्या वेळी मी भाता बंद करून बसतो. त्याचा गांधार असा काही लागतो की पेटी थांबली आहे हे बरेच झाले असे वाटते. पण पूर्वी सगळे मंडळ त्याच्या मागे उचलून धरीत असे, आणि मी ते सूर पेटीत भरून घेत असे. ते आता होत नाही. ते गेले. म्हातारबाबांसाठी एवढी किंमत द्यावी का, असे मला मंडळातल्या दोघाचौघांनी विचारले आहे. द्यावी, असे मी सांगतो. पण किंमत लहान होती असे सांगत नाही.

भाच्याच्या यंत्रात असा म्हातारबाबा कोणी नाही. एकट्याचे वाद्य, एकट्याचे कान. तिथे प्रश्न वेगळाच उरतो. तो म्हणाला, "मामा, मोठ्यात धाकटा आहेच ना? जादाची बटणं हलवलीच नाहीत म्हणजे झालं." हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण घरात शिधा नाही म्हणून उपाशी राहणे ही उपासमार, आणि घर भरलेले असून एकादशीला न जेवणे हा उपास, असा भेद आपण करतो. साध्या यंत्रातली घसीट बदलता येत नाही ही उपासमार. फेरफार केलेल्यात ती न बदलणे हा उपास. धर्मशास्त्र उपासाला पुण्य देते. वाजवणाराच्या बाबतीत मला शंका आहे. ज्याने उपास धरला आहे त्याचे अर्धे चित्त फडताळाकडे असते. सोळा घरांच्या ओळीत आघात कुठे टाकावा याच्याऐवजी, आघात किती चढावा हे बटण आज हलवावे का, यात त्याची संध्याकाळ जाते. शिकागोच्या पोरांपुढे फडताळच नव्हते. होती ती चार-सहा बटणे, आणि कंपनीने जशी वापरू नयेत असे गृहीत धरले होते तशी त्यांनी ती वापरली. यंत्रात त्यांनी काही बदलले नाही, वाजवण्याची रीत बदलली. चरणजितसिंगांनीही तेच केले.

उलट बाजूही आहे, आणि ती मी भाच्याला सांगितली. ज्याने साध्या यंत्रावर इतके दिवस घालवले आहेत की त्याला ती घसीट नेमकी कुठे आखूड पडते हे वाजवताना कळते, त्याने फेरफार जरूर करावा. त्याची गरज त्याच्या कानाने सांगितलेली असते. व्हिटल अशांपैकी होते असे मी समजतो. जे यंत्र आधी पुरते उलगडलेले नाही त्याला कोणी इतकी नेमकी भोके पाडू शकत नाही. गरज जर माहितीपत्रक वाचताना लागली असेल, तर मात्र ती दुकानदाराची गरज आहे. आणि मूळचे, १९८२ चे यंत्र कधी हाती आलेच, तर त्याला भोक पाडण्यापूर्वी त्याने नकलेवर पाडून पाहावे. कारण त्या दहा हजारांत आता भर पडायची नाही, आणि पुढच्या माणसाला साधेच हवे असेल तर त्याला ते मिळाले पाहिजे.

भाच्याने सध्या साधा नमुना मागवला आहे. माझ्या सांगण्यावरून की तो चार पैशांनी स्वस्त पडला म्हणून, हे त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. जाताना त्याने पेटीवरची खोळ काढून काळी दोनचा गांधार दाबून धरला आणि बराच वेळ ऐकत राहिला. माझ्यामागे ती पेटी त्याच्याकडेच जायची आहे. तो भजनाला बसत नाही. त्याच्या घरी तो एकटाच वाजवणार. कारागिराचा पत्ता त्याने माझ्याकडून लिहून घेतला.